गॅस गीझर घराबाहेर : थंडीत होणाऱ्या चुका, त्यातल्या दोन माझ्या

मागच्या भागानंतर इंदूर, देहरादून, बडोदा आणि दिल्लीहून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. गॅस गीझर बाथरूममध्ये लावू नये हे कळलं, पण बाहेर लावला तर थंडीत चालतो का, फुटतो का, कसा लावायचा? आज तेवढ्यावरच बोलतो. मी अभियंता नाही. फौजेत पायदळात होतो आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं राणीखेतला राहायला आलो. राणीखेत म्हणजे कुमाऊंच्या डोंगरातलं छावणीचं गाव, उंची साधारण साडेअठराशे मीटर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्यापर्यंत येतो, कधी त्याच्याही खाली जातो. तिथे हा गीझर मी दोनदा चुकीचा लावला. तिसऱ्यांदा नीट लावला, त्यालाही आता काही हिवाळे झाले.

आधी पहिली चूक. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाचा गीझर बाथरूममध्येच होता. झरोका होता, पण थंडी येते म्हणून त्याला आतून पुठ्ठा लावलेला. मी तो पुठ्ठा पाहिला होता. काढला नाही. मला त्याची आजही लाज वाटते, कारण नोकरीत माझ्याच सहीने निघालेल्या हुकमांत स्पष्ट लिहिलेलं असायचं की बुखारी पेटवून झोपायचं नाही, बुखारीचा धुराडा बर्फाने बुजला नाही ना हे रात्री संत्र्याने पाहायचं, बंकरचा झरोका पूर्ण बंद करायचा नाही. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी पत्र्याची शेगडी. एखाद्या जवानाने झरोक्यात पोतं कोंबलेलं दिसलं की मी अख्ख्या प्लाटूनला फैलावर घ्यायचो. आणि स्वतःच्या घरात पुठ्ठा तसाच ठेवला.

जानेवारीत एका सकाळी आमची ही आंघोळीला गेली. पंधरा-वीस मिनिटं झाली, पाणी पडायचा आवाज येत होता, पण बादली सरकवल्याचा, तांब्याचा आवाज येईना. हाक मारली, उत्तर नाही. कडी आतून लावलेली. दोन धक्क्यांत दार उघडलं हे नशीब, जुनी कडी होती. ती भिंतीला टेकून बसलेली होती, डोळे उघडे पण भान नाही. व्हरांड्यात आणून घोंगडीत गुंडाळली. दहा मिनिटांनी म्हणाली, "चहा ठेवलाय का गॅसवर? वास कसला येत नाहीये." पुढे दोन दिवस डोकं दुखत होतं.

वास येत नाही, हीच त्या वायूची खोड आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास, रंग, चव काही नसतं. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेपट जास्त घट्ट धरतं. त्यामुळे श्वास चालू असतो, छाती हलत असते, पण मेंदूला प्राणवायू मिळत नाही. माणसाला गुदमरल्यासारखं होतही नाही, गळून गेल्यासारखं वाटतं, झोप आल्यासारखं वाटतं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या काही जणांना आधी फिट आली असं समजलं गेलं आणि नंतर कळलं की गॅस गीझर चालू होता.

आता थोडं गणित करू, म्हणजे बाथरूम का नको हे डोक्यात पक्कं बसेल. साधा सहा लिटरचा गॅस गीझर पूर्ण चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पाच फूट बाय सहा फूट बाथरूम, उंची नऊ फूट, त्यात हवा साडेसात घनमीटर. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत गीझर खोलीतल्या पाव हिश्श्याहून जास्त हवेचा प्राणवायू खातो. आणि प्राणवायू संपेपर्यंत ज्योत वाट बघत नाही. तो थोडा कमी झाला की गॅस अर्धवट जळायला लागतो आणि मोनॉक्साइड तयार होतो. शिवाय राणीखेतला हवा मुळातच समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने विरळ.

काही जण म्हणतील, मग विजेचा इन्स्टंट गीझर लावा की. लावा, मैदानी भागात तोच लावा. पण डोंगरात टाकीतलं पाणी पाच अंशांचं असतं. ते चाळीस अंशांवर न्यायचं म्हणजे तीन किलोवॅटचा विजेचा गीझर मिनिटाला जेमतेम सव्वा लिटर देईल. धार नाही, करंगळी. त्यात व्होल्टेज कमी, आणि बर्फ पडला की पहिल्यांदा वीज जाते. म्हणून तिथे लोक गॅसकडे वळतात. गॅसचंही ऐकून ठेवा. सहा लिटर हा आकडा साधारण पंचवीस अंश तापमान वाढवण्यासाठी दिलेला असतो. पस्तीस अंश वाढवायचे तर चार-सव्वाचार लिटर मिळतात. दुकानदार हे सांगत नाही, आणि मग थंडीत पाणी कोमट येतं म्हणून माणूस गीझरला दोष देतो.

तर गीझर बाहेर हलवला. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, वर छज्जा. आता दुसरी चूक. ही तुमच्यापैकी अनेक जण करणार आहात, म्हणून सावकाश सांगतो.

पहिल्याच आठवड्यात वाऱ्याने ज्योत विझायला लागली. तिथला मिस्त्री म्हणाला, "साहब, हवा लगती है, तीन तरफ से पत्रा मार देते हैं." पटलं मला. डावी, उजवी आणि वर पत्रा, पुढून जाड प्लास्टिकचा पडदा, खाली थोडी फट. ज्योत विझायची थांबली. पाणी झकास गरम. मी मिस्त्रीला वरून शंभर रुपये दिले. आत घटना घडली होती म्हणून मी मोनॉक्साइडचा अलार्म आणून बाथरूमबाहेरच्या बोळात लावला होता. फेब्रुवारीत मेव्हणी पुण्याहून आली होती. ती आंघोळ करत असताना तो अलार्म वाजायला लागला. मला वाटलं बॅटरी संपली. मग लक्षात आलं, तो थांबून थांबून चिवचिवत नव्हता, सलग ओरडत होता. बाहेर जाऊन पाहिलं तर प्लास्टिकच्या पडद्यामागे ज्योत निळी नव्हती, पिवळी होती, आणि गीझरच्या वरच्या कडेला काजळी. धूर त्या पत्र्याच्या खोपटात कोंडून बाथरूमच्या झरोक्यातून आत जात होता. मी गीझर घराबाहेर नेला होता आणि मग त्याच्याभोवती पुन्हा एक छोटं बाथरूम बांधलं होतं.

थंडीत बाहेरच्या गीझरचा खरा धोका हाच आहे. बर्फाने नळी फुटली तर दोन-अडीच हजारांचं नुकसान होईल. पण थंडीला घाबरून आपण गीझर झाकतो, आणि झाकलेला गीझर माणूस मारतो. त्यामुळे आता जे सांगतोय त्यात थंडीपासून गीझर वाचवण्याचे उपाय आहेत, पण त्यातला एकही उपाय पेटलेल्या गीझरला झाकण्याचा नाही.

जागा निवडताना दक्षिणेची भिंत घ्या. दिवसभर ऊन मिळतं, रात्री गोठलेलं सकाळी सुटतं. वर छज्जा हवा, कारण आपल्याकडे मिळणारे बहुतेक गीझर पावसात भिजायला बनवलेले नसतात. पण पुढची बाजू आणि दोन्ही कडा मोकळ्या. झरोका, खिडकी, दार यांपासून गीझर किमान चार फूट लांब, आणि कुठल्याही खिडकीच्या बरोबर खाली तर नाहीच, कारण गरम धूर वरच जातो. कंपनीच्या पुस्तिकेत जास्त अंतर दिलं असेल तर तेच खरं. वारा फारच असेल तर भिंत बदला. घराच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात, जिथे वाऱ्याला आडोसा आहे पण वर आणि समोर आकाश दिसतंय, अशी जागा बहुतेक घरांना असते. मला ती सापडायला दोन हिवाळे लागले. बाथरूमपासून बारा फूट लांब होती म्हणून मी ती आधी मोजलीच नव्हती. नळी लांबली, गरम पाणी यायला अर्धा मिनिट उशीर होतो, एवढंच.

गीझर घेताना आयएसआय खूण पाहा. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय त्यात आहे ना हे दुकानातच विचारा, आणि पुस्तिकेत किती उंचीपर्यंत वापरायचा हे दिलंय का तेही वाचा. बाहेरच्या देशांत खास बाहेर लावायचे गीझर मिळतात, त्यांच्या पोटात गोठू नये म्हणून छोटा विजेचा हीटर असतो. कोणी मुलाने परदेशातून आणून दिला असेल तर लक्षात ठेवा, तो हीटर वीज असेपर्यंतच चालतो. आणि त्या गीझरचा जेट आपल्या गॅसचा आणि आपल्या दाबाचा आहे का हे जाणकाराने पाहिल्याशिवाय पेटवू नका.

आता गोठण्याबद्दल. पाण्याचा बर्फ झाला की ते नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. गीझरच्या पोटात तांब्याच्या पातळ नळ्यांचं वेटोळं असतं. त्यात रात्री पाणी राहिलं आणि गोठलं की नळी चिरते. रात्री काही कळत नाही. सकाळी ऊन आलं, बर्फ वितळला की कारंजं उडतं.

फौजेतल्या जुन्या ड्रायव्हरांना हे तोंडपाठ होतं. उंचावर गाडीत अँटीफ्रीझ नसलं तर संध्याकाळी रेडिएटर आणि इंजिनाचं पाणी सोडून द्यायचे, बॉनेटवर पाटी लावायचे, सकाळी कोमट पाणी भरायचे. एकदा एका नव्या पोराने नुसता रेडिएटर सोडला, इंजिनाच्या ब्लॉकचा नळ विसरला. सकाळी ब्लॉकला बोट जाईल एवढी चीर. गीझरचंही तसंच आहे. एक जागा रिकामी करून भागत नाही, पाणी जिथे जिथे अडून बसतं ती प्रत्येक जागा रिकामी व्हायला हवी.

म्हणून नळकाम करतानाच मिस्त्रीला सांगा. थंड पाण्याच्या नळीवर एक बॉल व्हॉल्व्ह घराच्या आत, जिथे गोठणार नाही. त्याच्या पुढे, गीझरच्या अलीकडे, नळीच्या सर्वांत खालच्या जागी एक टी आणि त्याला छोटा नळ. गीझरच्या बुडाशी ड्रेन स्क्रू असतो, पण रात्री नऊ वाजता गारठलेल्या बोटांनी तो फिरवून पाहा म्हणजे मी छोटा नळ का म्हणतोय ते कळेल. सगळ्या नळ्यांना त्या नळाकडे उतार हवा. मधे कुठे झोळ पडला तर तेवढं पाणी तिथेच राहतं.

रात्रीचा क्रम असा. गॅस बंद. आतला व्हॉल्व्ह बंद. बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायचा, म्हणजे वरून हवा शिरेल. तो उघडला नाही तर पाणी नळीत लटकून राहतं, औषधाच्या ड्रॉपरसारखं. मग खालचा छोटा नळ उघडायचा. पाणी जाईपर्यंत थांबायचं, माझ्याकडे दीड-दोन मिनिटं लागतात. ड्रेन स्क्रू आठवड्यातून एकदा उघडून खात्री करायची. दोन्ही नळ रात्रभर उघडेच. नळ्यांना काळ्या फोमचं वेष्टण घाला, कोपऱ्यांवर आणि जोडांवर विसरू नका. पण फोमवर भिस्त ठेवू नका. फोम थंडी उशिरा पोचवतो, अडवत नाही. रात्रभर साचलेलं पाणी फोमातही गोठतं.

आणि कधी विसरलात, सकाळी नळ उघडला आणि पाणीच नाही, तर गीझर पेटवायचा प्रयत्न करू नका. स्टोव्ह, मेणबत्ती, वर्तमानपत्राचा बोळा पेटवून नळी शेकू नका. हे मी लोकांना करताना पाहिलंय. ऊन येऊ द्या. पाणी वाहायला लागलं की गॅस न सोडता दहा मिनिटं पाणी वाहू द्या, गीझरखाली कोरडं वर्तमानपत्र पसरा आणि ते भिजतं का पाहा. भिजलं तर मेकॅनिक बोलवा.

गॅसकडे येऊ. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे बेचाळीस अंशांतही उकळतो. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे राणीखेतच्या पहाटे ब्यूटेन सिलिंडरमध्ये द्रव होऊन बसून राहतो, वर यायलाच तयार नसतो. सिलिंडर नवा असेपर्यंत प्रोपेनच्या जोरावर काम चालतं. प्रोपेन आधी संपतो, उरतो तो बराचसा ब्यूटेन. म्हणून थंडीत सिलिंडर हलवला तर खळखळतो, पण गीझर पेटत नाही. गॅस एजन्सीने कमी भरला असं समजून मीही एकदा वजनकाटा घेऊन भांडायला गेलो होतो. वजन बरोबर निघालं.

त्यात स्वयंपाकाच्या शेगडीच्या मानाने गीझर पाच-सहापट वेगाने गॅस ओढतो, आणि गॅसची वाफ होताना सिलिंडर आणखी गार पडतो. बाहेर दंव धरतं. अशा वेळी लोक सिलिंडरवर उकळतं पाणी ओततात, शेकोटीजवळ नेतात, आडवा करतात. आडवा केला तर द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये येतो आणि ज्योत हातभर उसळते. यातलं काहीही करायचं नाही. सिलिंडर उभा, बाहेर, उन्हाच्या जागी, गीझरच्या बरोबर खाली नाही. मोरीच्या किंवा गटाराच्या तोंडाजवळ नाही, कारण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली उतरून साचतो. गीझरला स्वतंत्र सिलिंडर द्या, शेगडीच्या नळीला टी मारून ओढू नका. नळी आयएसआयची सुरक्षा होज, दीड मीटरच्या आत, भिंतीतून आरपार नाही. तिच्यावरची तारीख बघा, पाच वर्षांनी बदला. जोड साबणाच्या फेसाने तपासा. गॅसचा वास आला तर १९०६ हा क्रमांक देशभर चालतो.

पण पहाटेच्या गॅसवर सर्वांत चांगला उपाय आमच्या हिने सुचवला. ती म्हणाली, "तुम्हाला कुठल्या परेडला जायचंय? साडेदहाला आंघोळ करा." उन्हात सिलिंडर चार-पाच अंश चढतो, नळ्या सुटलेल्या असतात, ज्योत निळी लागते. मला सवय मोडायला महिना लागला. शाळकरी मुलं, नोकरीवाले यांना हे जमणार नाही हे कबूल. त्यांनी नवा सिलिंडर डिसेंबरसाठी राखावा आणि अर्धा झालेला स्वयंपाकघरात लावावा. तिथे ऊब असते आणि ओढ कमी, उरलेला ब्यूटेन तिथे सुखाने जळतो.

अलार्मबद्दल दोन शब्द, कारण यात गोंधळ आहे. गॅस गळतीचा अलार्म वेगळा आणि मोनॉक्साइडचा वेगळा. पहिला जमिनीजवळ लावतात. दुसरा आपण श्वास घेतो त्या उंचीवर, बाथरूमच्या दाराबाहेर आणि झोपायच्या खोलीत. बाथरूमच्या आत वाफेने तो खराब होतो. गीझर बाहेर आहे म्हणून अलार्म नको असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या पत्र्याच्या खोपटाचा फोटो दाखवतो. आणि बाथरूमला आतून कडी लावायची पद्धत आमच्या घरी बंद झालीय. दारावर पाटी फिरवतो.

कोणी बेशुद्ध सापडलंच तर आधी दार-खिडकी उघडा, माणसाला मोकळ्या हवेत काढा, मग गॅस बंद करा आणि ११२ किंवा १०८ लावा. कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आलाय. त्यावर विश्वास ठेवू नका. मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायू धरल्यासारखंच दिसतं. माणूस मरणाच्या दारात असताना तो अठ्ठ्याण्णव दाखवू शकतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गॅस गीझर चालू होता, म्हणजे ते योग्य ती रक्ततपासणी करतील आणि प्राणवायू लावतील. माणूस उठून बसला, चहा मागितला, तरी न्या. आम्ही त्या दिवशी नेलं नव्हतं. नंतर डॉक्टर मित्राकडून मी भरपूर ऐकून घेतलं.

एक प्रश्न राहिला, तो ग्वाल्हेरच्या एका ताईंनी विचारलाय. रात्री बर्फ आणि धूळ बसू नये म्हणून गीझरवर काही घालावं का? रिकामा केलेल्या, गॅस बंद असलेल्या गीझरवर गोणपाट घालायला हरकत नाही. भीती एवढीच की सकाळी घाईत कोणी तरी गोणपाटासकट नळ सोडेल. यावर आमच्या घरी असं करतो. बहुतेक गॅस गीझर दोन मोठ्या सेलवर पेटतात. थंडीत हे सेल बाहेर राहिले तर मंदावतात, म्हणून ते रात्री आत ठेवणं चांगलंच. मी ते गीझरमधून काढतो, मग गोणपाट घालतो, आणि सेल स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी ठेवतो. सकाळी ज्याला गरम पाणी हवं असेल त्याला सेल घेऊन बाहेर जावंच लागतं, आणि गोणपाट काढल्याशिवाय सेलचं झाकण हाताला लागत नाही.